घाटमाथा म्हणजे नक्की कुठे?

जुलै महिना आला की पेपरात, टीव्हीवर आणि हल्ली मोबाइलवरही एक वाक्य हमखास दिसतं. 'पुणे, सातारा, कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर अतिवृष्टीचा इशारा.' आपण ते वाचतो, वीकेंडचा प्लॅन रद्द करतो (किंवा अजिबात करत नाही!) आणि पुढे स्क्रोल करतो. पण मंडळी, हा घाटमाथा सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे, असं कुणी विचारलं तर? लोणावळा घाटमाथ्यावर, हे कुणीही सांगेल. पौड? मुळशी? भोर? इथे आपण जरा चाचपडतो. नकाशावर 'घाटमाथा' नावाचा तालुका नाही, जिल्हा नाही, एखादं शिखरही नाही. तरीही हा शब्द शेकडो वर्षं ठणठणीत जिवंत आहे. या वीकेंडला त्याच्याच मागे लागू या.

आधी थोडा भूगोल. डोंगराचा माथा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? दोन्ही बाजूंनी चढ आणि मधे एक टोक, लहान मुलं चित्रात काढतात तसं. सह्याद्रीचा माथा तसा नाहीच. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि लोणावळा साधारण ६२० मीटरवर. म्हणजे पुण्याहून साठेक किलोमीटर जाऊन आपण चढतो किती, तर एका उंचशा इमारतीएवढं. आणि लोणावळ्याच्या पलीकडे खोपोली आहे शंभर मीटरच्याही खाली. म्हणजे या डोंगराला चढ आहे तो एकाच बाजूने. देशावरून आलात तर डोंगर लागतच नाही, एकदम कडाच लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं, आणि त्या पठाराची पश्चिमेकडची तुटलेली कड म्हणजे आपला सह्याद्री. हिमालयासारखा जमिनीला घड्या पडून वर आलेला हा पर्वत नव्हे. कोकणातून बघाल तर आभाळाला टेकलेली भिंत, देशावरून बघाल तर पठार संपलं तिथला काठ. वस्तू एक, इंटरफेस दोन :-)

आता मजा अशी की, या काठाला मराठी माणसाने नाव देताना शिखरांकडे पाहिलंच नाही. त्याने पाहिलं वाटेकडे. घाट म्हणजे डोंगर नव्हे, घाट म्हणजे डोंगरातून उतरायची वाट. संस्कृतातला 'घट्ट' हा त्याचा पूर्वज. नदीचा घाट म्हणजे जिथून पाण्यापर्यंत उतरता येतं ती जागा, आणि डोंगराचा घाट म्हणजे जिथून कोकणात उतरता येतं ती जागा. दोन्हीकडे कल्पना एकच, उतरण्याची सोय. आणि घाटमाथा म्हणजे घाटाचा माथा, म्हणजे वाटेचं वरचं टोक. कोकणातून डोक्यावर ओझं घेऊन चढणाऱ्याने जिथे ते खाली ठेवून श्वास घेतला, ती जागा. पुढे अशा सगळ्या जागा मनातल्या मनात जोडून जो पट्टा झाला, तोही घाटमाथाच.

डोंगराच्या कडेसाठी आपल्याकडे शब्द कमी नव्हते. धार आहे, कडा आहे, सुळका आहे, दांड आहे, सोंड आहे, मधल्या टप्प्यावरच्या सपाटीला पदर आहे. ट्रेक करणाऱ्यांना हे सगळे पाठ असतात. पण पूर्ण प्रदेशाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा यातला एकही शब्द निवडला गेला नाही, निवडला गेला तो वाटेचा शब्द. तमिळमध्ये याच पर्वताला 'मेर्कु तोडर्चि मलै' म्हणतात, म्हणजे पश्चिमेकडची सलग डोंगररांग. त्यांनी सलगता पाहिली, आपण ती सलगता जिथे तुटते ती जागा पाहिली.

आणि वाटांमध्येही प्रकार होते बरं का. सगळ्याच वाटा 'घाट' नसत. लादलेला बैल जाईल तो राजरोस घाट. पाण्याने कोरलेल्या अरुंद घळीतून उतरायचं असेल तर ती नाळ. कातळावर शिडी लावावी लागत असेल तर ती निसणी. नगर-नाशिककडे खिंडीला बारी म्हणतात, कळसूबाईच्या पायथ्याच्या गावाचं नावच बारी आहे. म्हणजे नुसतं नाव ऐकून कळायचं की इथून बैल जाईल, एकटा माणूस जाईल, की फक्त धनगराचं पोर जाईल. आजच्या भाषेत सांगायचं तर नावातच सगळा मेटाडेटा!

या व्यवस्थेचा सगळ्यात जुना पुरावा जुन्नरजवळच्या नाणेघाटात बसलेला आहे. वर जुन्नर, खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं, आणि मधे दगडात कोरून काढलेली ही वाट. घाटाच्या तोंडाशी गुहा आहे. तिच्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची ती यादी आहे, त्यामुळे आकडेच आकडे आहेत, आणि आपल्या देशातल्या अंकलेखनाच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. त्याच गुहेत सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. पुतळे गेले, वर कोरलेली नावं तेवढी राहिली. जवळच एक दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. राजघराण्याने आपले पुतळे राजधानीत न उभारता एका आडरानातल्या खिंडीत का उभारले असतील? कारण ते आडरान नव्हतंच. समुद्रावरून येणारा प्रत्येक व्यापारी तिथून जाणार होता. आपण एक्सप्रेस-वेवर होर्डिंग लावतो, त्यांनी घाटमाथ्यावर लेख कोरला.

मग आजूबाजूचे किल्ले बघा. नाणेघाटाच्या डोक्यावर जीवधन, आणि मागे चावंड, हडसर, शिवनेरी. बोरघाटावर नजर ठेवायला राजमाची. घाटमाथ्यावरचे बरेचसे किल्ले एखाद्या वाटेचे राखणदार आहेत. वाट ज्याच्या हातात त्याच्या हातात मीठही आणि सैन्यही. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान मोगलांची फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरला. शिवाजी महाराजांनी त्याला खाली उंबरखिंडीत गाठलं. पुढची वाट बंद, मागची वाट बंद, दोन्ही अंगांना झाडी. लढाई फार वेळ चाललीच नाही, खानाला शरण यावं लागलं. खानाकडे सैन्याची मुळीच कमतरता नव्हती. ती वाट कुठे अरुंद होते, हे महाराजांना माहीत होतं आणि खानाला नव्हतं, एवढाच काय तो फरक.

तर मुद्दा असा की, घाट ही वाट होती. मग तिचा डोंगर कधी झाला?

या पर्वताचं जुनं नाव सह्य. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे, इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यात तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी कोणकोणत्या पर्वतांचा स्वामी होता त्याची यादी आहे, आणि तिच्यात सह्य आहे. म्हणजे पर्वताला नाव होतंच. पण रोजच्या बोलण्यात लोक 'सह्याद्रीवर जातो' असं म्हणत नसत, ते 'घाटावर जातो' म्हणत. समुद्रावरून आलेल्या पोर्तुगीजांच्या कानांवर सतत हेच पडत राहिलं. घाटावर, घाटाखाली. त्यांना वाटलं, घाट म्हणजे ही समोर दिसणारी भिंतच! पोर्तुगीज इतिहासकार बारोस, ज्याच्या ग्रंथाचा पहिला भाग १५५२ मध्ये छापला गेला, त्याने या शब्दाचा अर्थ डोंगररांग असाच दिला. पुढे इंग्रजांनी तेच उचललं. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या जाडजूड कोशात या गफलतीची नोंदसुद्धा आहे. घाट म्हणजे खरं तर खिंडीची वाट आणि परकीयांनी ते डोंगराचं नाव समजलं असावं, असं संपादक यूल आणि बर्नेल यांनी म्हटलं आहे. म्हणजे बग सापडला होता, रिपोर्टही झाला होता. पण तोपर्यंत सगळे नकाशे छापून झाले होते. पश्चिमेला वेस्टर्न घाट्स झाले, मग समतोल साधायला पूर्वेला ईस्टर्न घाट्सही झाले. आणि शेवटी आपणच त्याचं भाषांतर करून 'पश्चिम घाट' परत घेतला. आपलाच शब्द, पण परदेशी जाऊन अर्थ बदलून आलेला.

याला समांतर आणखी एक धागा आहे, फारसीचा. 'बाला' म्हणजे वरचा आणि 'पाईन' म्हणजे खालचा. त्यावरून बालाघाट आणि पायनघाट. बीडकडची बालाघाटाची रांग आपल्याला माहीत असते. पण वऱ्हाडाचीही अशीच वाटणी होती. पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट मुलूख पायनघाट, आणि अजिंठ्याच्या रांगेवरचा, बुलढाण्याकडचा भाग बालाघाट. आज बुलढाणा जिल्ह्यातल्या कुणालाही विचारा, मेहकर-सिंदखेडराजा 'घाटावर' आणि शेगाव-खामगाव 'घाटाखाली'. तिथून समुद्र चारशे किलोमीटर लांब. म्हणजे घाटमाथा ही काही कोकणाची मक्तेदारी नाही. जिथे जिथे एक मुलूख संपून दुसरा खाली सुरू होतो आणि मधे उतरायची वाट असते, तिथे तिथे मराठी माणूस हाच शब्द वापरतो.

आता थोडं कटू बोलू या. या वाटा मोडल्या कशा? तोफा लावून कुणी मोडल्या नाहीत. एका वाटेचा पक्का रस्ता झाला आणि बाकीच्या आपोआप ओस पडल्या. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८५६ मध्ये त्याच घाटात रेल्वेचं काम निघालं आणि १८६३ मध्ये गाडी वर चढली. त्या कामावर १८६१ च्या सुमारास एका वेळी चाळीस हजारांच्या आसपास मजूर होते, आणि पटकी, ताप, सुरुंग, दरडी यांत हजारोंनी मेले. त्यांची नावं कुठेच नाहीत. नाणेघाटातल्या राजांची निदान नावं तरी उरली.

याच बोरघाटात, जुन्या हायवेवर, शिंग्रोबाचं देऊळ आहे. ट्रक ड्रायव्हर आजही तिथे गाडी हळू करून नाणं टाकतात. लोककथा अशी की, साहेबाला घाटातून वाट सापडत नव्हती, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली. बक्षीस काय हवं विचारलं तर तो म्हणाला, आमच्या मुलखाला स्वातंत्र्य द्या. आणि साहेबाने त्याला गोळी घातली. ही कथा कागदोपत्री सिद्ध होण्यातली नाही. पण लोकांनी ती दीडशे वर्षं सांभाळली, याला काहीतरी अर्थ आहे. वाट साहेबाने शोधली नाही, ती आम्हाला माहीत होती, एवढंच त्यांना सांगायचं असावं. आणि ज्याला वाट माहीत होती, त्याचंच त्या वाटेवर काम उरलं नाही, हेही. वंजाऱ्यांचे बैल मीठ, सुपारी, सुकी मासळी घेऊन वर यायचे आणि धान्य, गूळ, मिरची घेऊन खाली जायचे. रेल्वेनंतर त्या तांड्यांचं काय झालं, हा एका वेगळ्या (आणि बऱ्याच लांबलचक) लेखाचा विषय आहे.

मग माणसांपाठोपाठ पाण्याचाही नंबर लागला. घाटमाथा हा पाणलोटही आहे. महाबळेश्वरचा पाऊस समुद्रापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर पडतो आणि कृष्णेतून तब्बल चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जातो. टाटांनी हे पाणी घाटमाथ्यावर अडवून उलट दिशेला, खाली कोकणात सोडलं आणि त्यावर वीज केली. खोपोलीचं वीजघर १९१५ चं. मुळशीच्या धरणाला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, सेनापती बापटांनी १९२१ ते १९२४ सत्याग्रह चालवला. धरण झालंच. पाणी भिऱ्याला उतरलं, वीज मुंबईला गेली, भाताची खाचरं पाण्याखाली गेली. आपण पावसाळ्यात मुळशीला भजी खात ज्या पाण्याचे फोटो काढतो, ते हेच पाणी.

आणि ज्यांचं वर भागेना, ते खाली मुंबईला गेले. गिरण्यांत, गोदीत, बाजारात हमाली करायला. त्यांना मुंबईने नाव दिलं 'घाटी'. घाटावरून आलेला तो घाटी, इतका साधा अर्थ. गोव्यातही असंच, घाटावरून आलेला तो 'घांटी'. पण हळूहळू त्या शब्दाला शिवीचा वास आला. गावंढळ, अडाणी, कपड्यांची अक्कल नसलेला तो घाटी. कॉलेजात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, आपल्यातलेच मराठी लोक एकमेकांना 'काय घाटीपणा आहे' असं हसत हसत म्हणतात, तेव्हा आपण नेमकं काय म्हणतोय याचा विचार करून बघा. एकेकाळी जो घाटावरून यायचा त्याची वाट बघितली जायची, कारण तो धान्य आणायचा. तोच माणूस रोजगारासाठी रिकाम्या हातांनी उतरायला लागला आणि शब्दाची किंमत घसरली. शब्द तोच, बाजारभाव बदलला. कोकणस्थ आणि देशस्थ हेही याच काठाच्या दोन बाजूंचे पत्ते आहेत, पण ते प्रतिष्ठित राहिले. शिवी झाली ती फक्त हमालाच्या पत्त्याची.

बरं, एवढं सगळं उकरून आज काय उपयोग? माझ्या मते आहे.

२०११ मध्ये माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाबद्दल अहवाल दिला, २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ स्थळं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यातली चार महाराष्ट्रातली. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. जुलै २०२४ मध्ये, वायनाडची दरड कोसळली त्याच आठवड्यात, केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा पुन्हा एक मसुदा काढला. त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. हे सगळं आवश्यकच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या सगळ्या कागदांत घाट म्हणजे डोंगर, जंगल, नकाशावरचा एक रंगवलेला तुकडा. आणि गावातल्या माणसासाठी घाट म्हणजे अजूनही वाट. शाळेला जायची, बाजाराला जायची, खालच्या गावात दिलेल्या लेकीकडे जायची. म्हणून 'घाट वाचवा' म्हटलं की त्याला ऐकू येतं, 'तुझी वाट बंद.' गाडगीळांनी ग्रामसभांना विचारून ठरवा, असं कळकळीने सांगितलं होतं. सगळ्यात कमी ऐकलं गेलं ते नेमकं तेच. समोरासमोर बसून बोलले असते तर निदान एकाच शब्दाचे आपण दोन अर्थ लावतोय, एवढं तरी कळलं असतं.

आणि दुसरा उपयोग तो मोबाइलवरचा इशारा समजायला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही आत. इतका अरुंद पट्टा आहे हा. २२ आणि २३ जुलै २०२१ दरम्यान महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत खाली महाड आणि चिपळूण बुडालं, तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली, आणि वर देशाकडे कृष्णा फुगून सांगलीत पाणी शिरलं. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी दोन्ही बाजूंना उतरतं. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं, १५१ माणसं. १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी.

म्हणून घाटमाथा म्हणजे नक्की कुठे, याचं माझ्यापुरतं उत्तर असं, की ती नकाशावरची रेघ नाही. जिथे उभं राहिलं की दोन्हीकडची माणसं दिसतात, ती जागा म्हणजे घाटमाथा. आपल्या पूर्वजांनी त्या काठाला भिंतीचं नाव दिलं नाही, वाटेचं दिलं. पुढच्या जुलैत 'घाटमाथ्यावर रेड अलर्ट' असं वाचाल तेव्हा धबधबा बघायला जाऊ नका हे तर आहेच. पण तो इशारा आपल्या वीकेंडसाठी नसतो, घाटाच्या वर आणि खाली राहणाऱ्यांसाठी असतो, एवढं लक्षात ठेवा. आणि पुन्हा कुणी 'घाटी' म्हणून हिणवलं तर त्याला नाणेघाटाचा पत्ता द्या. दोन हजार वर्षांपूर्वी राजेसुद्धा तिथे ओळखपत्र कोरून उभे होते.

असो. बाकी पुढच्या शनिवारी.